पाचव्या पेटीवरची तारीख

आमच्या ऑफिसात त्यांना सगळे तारवाले म्हणतात. खरं नाव हजेरीपत्रकावर आहे, पण ते हाकेच्या उपयोगाचं राहिलेलं नाही. एका नव्या साहेबांनी एकदा त्या नावाने हाक मारली, तर तारवाल्यांनीच मागे वळून पाहिलं, दुसरं कुणी आलंय का म्हणून.

आमची कंपनी कारखान्यांना पाणी तपासणारी यंत्रं पुरवते. वापरलेलं पाणी बाहेर सोडण्याआधी त्यात आम्ल किती, क्षार किती, गढूळपणा किती, हे ती यंत्रं सतत मोजत बसतात. मोजणं त्यांचं काम. मोजलेला आकडा अर्धा किलोमीटर लांबच्या कंट्रोल रूममध्ये पोचवणं तारवाल्यांचं. दोन बारीक तारा एकमेकींत पिळून घ्यायच्या आणि या यंत्रातून त्या यंत्रात अशी एकच माळ ओवत न्यायची. प्रत्येक यंत्राला एक नंबर द्यायचा. कंट्रोल रूममधला संगणक नंबर पुकारतो. ज्याचा नंबर त्याने उत्तर द्यायचं, बाकीच्यांनी गप्प राहायचं. चुकून दोघांना एकच नंबर दिला तर दोघं एकदम बोलतात आणि कुणाचंच कळत नाही. बोलण्याचा वेग सगळ्यांचा सारखा लागतो. हे सगळं मला पाठ आहे, कारण बावीस वर्षं मी ऑफिसातल्या फोनवर बसले आहे. कुठल्या माणसाला कुठल्या कारखान्यात पाठवायचं हे मी ठरवते. यंत्राला मात्र माझा हात कधी लागलेला नाही. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात, ते माझं काम.

तारवाल्यांची एक पद्धत होती. प्रत्येक यंत्र एका लोखंडी पेटीत असतं. पेटीच्या दाराच्या आतल्या बाजूला ते पांढरी पट्टी चिकटवत आणि त्यावर बॉलपेनने यंत्राचा नंबर नि वेग लिहीत. मग तार तपासायला यंत्राची टेस्ट चालू करत. टेस्ट म्हणजे यंत्राला खोटं बोलायला लावायचं. पाण्यात काहीही असो, आपण भरलेलाच आकडा ते पाठवत राहतं. तो आकडा तिकडे पडद्यावर जसाच्या तसा उमटला की तार ठीक. मग टेस्ट बंद करायची, आणि सगळं झालं की, अगदी शेवटी, कुलूप लावण्याआधी, पट्टीवर तारीख टाकायची. तारीख आहे म्हणजे काम पुरं झालं. आमच्या इतर मंडळींना ही नसती उठाठेव वाटायची. पण दहा वर्षांनी एखादी पेटी उघडली तरी ती पट्टी सगळं सांगायची, आणि मग हीच मंडळी तिचे आभार न मानता ती वाचायची.

संध्याकाळी सहाला त्यांचा फोन यायचा. “ताई, पाचही बोलायला लागले,” एवढंच. चार असले तर चारही. मी म्हणायची, उद्या अमुक ठिकाणी जा, रिपोर्ट पाठवा. त्यापलीकडे आमचं बोलणं नाही. माझा स्वभाव तसा खाष्ट आहे, तो मी लपवत नाही. तापाने फणफणलेल्या माणसालाही मी विचारलेलं आहे, रिपोर्ट कधी पाठवता. कुणी रजा मागितली की आधी माझ्या कपाळावर आठी येते, मग रजा मिळते.

बोलणं असायचं ते वहिनींशी, म्हणजे त्यांच्या बायकोशी. तारवाले महिन्यातले वीस दिवस बाहेर. बहुतेक कारखान्यांत मोबाइल फाटकावरच काढून घेतात, त्यामुळे दिवसा ते कुणालाच सापडायचे नाहीत. म्हणून वहिनी मला फोन करायच्या. “ताई, आमची तार कुठवर आलीय?” अशी त्यांची सुरुवात. मी सांगायची, तीन पेट्या झाल्या, दोन राहिल्यात, परवा येतील. त्या म्हणायच्या, मग परवा केस धुते, आज कशाला. आम्ही दोघी हसायचो. मुलीचं लग्न होऊन ती समुद्रापलीकडे गेलेली. तिच्या घड्याळात आणि यांच्या घड्याळात अर्ध्या दिवसाचं अंतर. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत वहिनी एकट्या. स्वयंपाकघरात शेगडीच्या बाजूच्या भिंतीवर त्यांनी पेन्सिलीने माझा नंबर ठळक लिहून ठेवला होता. चष्म्याशिवाय दिसावा म्हणून, असं त्यांनीच मला सांगितलं होतं.

तो नंबर बघूनच शेजारणीने मला फोन केला. दुपारचे चार वाजत होते. वहिनी स्वयंपाकघरात पडल्या होत्या. डॉक्टर येऊन, बघून, मान हलवून गेले होते. सगळं संपलं होतं.

तारवाले तेव्हा सहा तासांच्या वाटेवर होते, एका कापड रंगवण्याच्या कारखान्यात. मी कंट्रोल रूमच्या फोनवर त्यांना बोलावून घेतलं. पाणी बाहेर सोडतात त्या टोकापासून ते चालत आले, त्याला दहा मिनिटं लागली. ती दहा मिनिटं मी काय बोलायचं ते घोकत होते. दोन बस बदलून एकट्याने यायचं असलेल्या माणसाला असलं कुणी फोनवर सांगत नाही. मीही सांगितलं नाही. म्हटलं, वहिनींची तब्येत जरा बिघडली आहे, डॉक्टर येऊन गेलेत. काम राहू द्या, निघा.

ते “बरं” म्हणाले आणि फोन ठेवला.

ते घरी पोचले तेव्हा मी तिथेच होते, शेजारणींमध्ये भिंतीला टेकून बसलेली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पण विचारलं काहीच नाही. मुलगी चौथ्या दिवशी आली, पंधरा दिवस राहिली आणि गेली. तिचंही तिकडे घर होतं.

त्यानंतर सहाचा फोन बंद झाला. मोबाइलवर दोन शब्द यायचे: “चार चालू.” “सहा चालू.” तारवाले लांबची कामं मागून घेऊ लागले. जिथे जायला आमची तरणी मंडळी पोटदुखी काढायची, तिथे हे आपणहून जायचे. एकदा मी एका सुट्या भागासाठी त्यांना फोन केला, तर त्या भागाबद्दल ते पाव तास विचारत राहिले. तो किती लांबीचा, कुठल्या खोक्यात, कोण आणून देणार. दुसऱ्या दिवशी कळलं की तो भाग त्यांच्या पिशवीतच होता. मला राग यायला हवा होता. आला नाही, वाईट वाटलं.

रजेच्या कागदावर सही राहिली होती म्हणून मी एकदा त्यांच्या घरी गेले. घर स्वच्छ होतं, जरा जास्तच. पलंगाच्या एका कडेची चादर चुरगळलेली, दुसरीकडची इस्त्री केल्यासारखी. चहा करताना त्यांनी एकच कप काढला, मग माझ्याकडे पाहून ओशाळले आणि दुसरा शोधायला लागले. कपाटात सहा कप होते. बाकीचे पाच मागे ढकलले गेले होते, एकात दुसरा. भिंतीवर माझा नंबर तसाच होता. आम्ही चहा प्यायलो. खाली मैदानात मुलं खेळत होती, त्यांचा आरडाओरडा खिडकीतून येत होता, आणि आम्ही दोघं तो ऐकत बसलो, कारण बोलायला काही नव्हतं. खरं म्हणजे माझ्याकडे होतं. सांगायचं असं एक होतं, पण ते जिभेवर येऊन परत गेलं.

अकरा महिने असे गेले. मग त्या कापड रंगवण्याच्या कारखान्याचं पत्र आलं.

पत्र मॅनेजरचं होतं. त्यांच्या प्रयोगशाळेत एक बाई आहेत. बाहेर जाणाऱ्या पाण्याचा नमुना रोज सकाळी बाटलीत घ्यायचा आणि तपासून वहीत लिहायचा, हे त्यांचं काम. मॅनेजरचं म्हणणं, बाईंचे आकडे पाचव्या यंत्राशी जुळत नाहीत. यंत्र म्हणतं सात पूर्णांक दोन, म्हणजे ना आम्ल जास्त ना क्षार, पाणी उत्तम. बाई लिहितात आठ सहा, कधी नऊ एक, कधी सहाच्या खाली. यंत्राचा आकडा तर काळ्या दगडावरची रेघ, तसूभर हलत नाही. तेव्हा बाई नीट काम करत नाहीत हे उघड आहे. त्यांना एकदा समज दिली आहे. आता यंत्र बरोबर असल्याचा दाखला आमच्याकडून सोमवारपर्यंत मिळाला की बाईंना काढून टाकायचं.

आता मला सांगा, पाणी कधी सरळ रेषेत वागतं का? पण हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. मॅनेजरला नाही, साहेबांना नाही. हिरवा दिवा लागलेला असला की माणूस प्रश्न विचारत नाही. त्या मॅनेजरने तर पाचव्या यंत्राचा अकरा महिन्यांचा आलेख छापून, चौकट करून पाहुण्यांच्या खोलीत लावला होता. मी तारवाल्यांना पाठवलं, कारण माळ त्यांनीच ओवली होती.

पुढचं काही मला तारवाल्यांनी सांगितलं, काही त्या बाईंनी.

तारवाले गुरुवारी सकाळी पोचले. बाईंनी वही त्यांच्यासमोर ठेवली आणि बाजूला उभ्या राहिल्या. पन्नाशीच्या, हातावर रसायनांचे डाग. घरात अंथरुणाला खिळलेली सासू आणि यांचा एकटीचा पगार. त्यांनी एवढंच सांगितलं की मी तेवीस वर्षं बाटल्या भरते आहे, आणि आता माझ्याच हातावर माझा विश्वास उरलेला नाही. त्या रोज दोनदा तपासत, मग तिसऱ्यांदा, आणि तरी यंत्राचा आकडा येईना. एक दिवस तर तोच आकडा लिहून टाकावा असं त्यांच्या मनात आलं होतं. पेनसुद्धा उचललं होतं.

तारवाल्यांनी सकाळभर तार तपासली. प्रत्येक जोड उघडला, साफ केला, पुन्हा कसला. दोन्ही टोकं पाहिली, पाचही नंबर पाहिले, वेग पाहिला. सगळं ठणठणीत. काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं ते स्वतःच मला नंतर म्हणाले. पाचव्या पेटीची किल्ली ज्याच्याकडे होती तो दुपारी आला. हा माणूस महिन्यातून एकदा पेटी उघडून मोजणारा भाग धुवायचा, पेटीतल्या छोट्या पडद्यावर आकडा बघायचा आणि निघून जायचा. त्या पडद्यावर आकडा खराच दिसतो. टेस्टचं खोटं फक्त तारेतून जातं. त्यामुळे त्यालाही कधी संशय आला नव्हता.

दार उघडलं. आत पांढरी पट्टी होती, तारवाल्यांच्या हस्ताक्षरात नंबर होता, वेग होता. तारीख नव्हती.

त्यांना यंत्र बघायची गरज राहिली नाही, तरी त्यांनी पाहिलं. टेस्ट चालू होती. भरलेला आकडा सात पूर्णांक दोन. अकरा महिने ते यंत्र इमानेइतबारे खोटं बोलत होतं, त्यांनीच सांगितलेलं. ते निघून गेले त्या दिवशी पडद्यावर पाचही आकडे उमटत होते, म्हणून काम पुरं झालं असं धरून कुणीतरी पेटीला कुलूप लावलं होतं. त्यांनी बटण दाबून टेस्ट बंद केली. तिकडे कंट्रोल रूममध्ये आकडा उडी मारून आठ सात झाला. बाईंच्या वहीत त्या सकाळचा आकडा आठ सातच होता.

मॅनेजर खूश. जुळलं म्हणजे आता बाईही सुधारल्या आणि यंत्रही उत्तम, असं त्याचं गणित. आधीच्या अकरा महिन्यांचं काय, असं तारवाल्यांनी विचारलं तर तो म्हणाला, यंत्र आज बरोबर आहे म्हणजे तेव्हाही बरोबरच असणार. चूक बाईंचीच. दाखला द्या आणि जा.

इथे खरी मेख होती. टेस्ट गुपचूप बंद झाली होती आणि कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. तारवाल्यांनी एक सही केली असती तर ते सुटले असते, कंपनी सुटली असती. पण यंत्र कुठल्या दिवसापासून खोटं बोलत होतं ती तारीख कागदावर आल्याशिवाय बाईंची वही खरी ठरत नव्हती. आणि ती तारीख एका माणसालाच ठाऊक होती.

रिपोर्ट शुक्रवारी सकाळी माझ्या मोबाइलवर आला. हाताने लिहून फोटो काढून पाठवलेला. त्यात तारीख होती, वेळ होती: दुपारी चार वाजून दहा मिनिटं. ‘या वेळेपासून पाचवे यंत्र टेस्टचा आकडा पाठवीत होते. प्रयोगशाळेच्या वहीतील आकडे ग्राह्य धरावेत. टेस्ट चालू ठेवणारा: मी.’ खाली सही. आमच्या छापील रिपोर्टात शेवटी ‘कारण’ असा एक रकाना असतो. तो कोरा होता.

चार वाजून दहा मिनिटं. मी तो आकडा बघत राहिले. कंट्रोल रूममध्ये माझा फोन वाजला तीच वेळ.

ऑफिसच्या शिक्क्याशिवाय रिपोर्ट जात नाही, आणि शिक्का माझ्या खणात असतो. साहेबांनी वाचलं आणि दार लावून घेतलं. म्हणाले, झाकली मूठ सव्वा लाखाची. तुम्ही नव्याने टाइप करा: यंत्रात अलीकडे किरकोळ बिघाड झाला होता, दुरुस्त केला. तारखेची गरज नाही. मी विचारलं, त्या बाईंचं काय? ते म्हणाले, त्या आपल्या कोण? तेही खरंच होतं. त्या आमच्या कुणीच नव्हत्या.

मी बरं म्हटलं, जागेवर आले आणि तारवाल्यांचा रिपोर्ट होता तसा छापला. शिक्का मारला, जरा जास्तच जोरात, आणि पाठवून दिला. बावीस वर्षांत साहेबांचं न ऐकण्याची माझी ही पहिली वेळ, आणि मला अजिबात भीती वाटली नाही. खरं सांगायचं तर बरं वाटलं.

पुढे काय झालं ते आत्ताच सांगून टाकते. बाई राहिल्या. मॅनेजरने त्यांची माफी मागितली नाही, पण पाहुण्यांच्या खोलीतली चौकट उतरवली. त्या कारखान्याने आमची यंत्रं पुन्हा घेतली नाहीत. साहेब माझ्याशी दोन महिने बोलले नाहीत, त्यात माझं काही बिघडलं नाही. तारवाल्यांचं बाहेरचं काम काढून घेतलं. आता ते आमच्याच ऑफिसच्या मागच्या खोलीत दुरुस्तीच्या टेबलावर बसतात, रस्त्यावरच्या दिव्याखाली बसावं तसे, एकटे.

पण मला सांगायचंय ते त्या शुक्रवारचं. सहा वाजता फोन वाजला. नंबर ओळखीचा होता, त्या कारखान्याच्या कंट्रोल रूमचा. अकरा महिन्यांपूर्वी मी फिरवला होता तोच.

“ताई, पाचही बोलायला लागले.”

मी नेहमीसारखं पुढच्या कामाचं सांगायला तोंड उघडलं, आणि जमलं नाही. मी म्हटलं, रिपोर्ट गेला, पण कारणाचा रकाना कोरा आहे. ते म्हणाले, राहू द्या. मी म्हटलं, राहू कसा देऊ, ते कारण मी आहे. कारण लिहा की ऑफिसातून फोन आला. मग अकरा महिने जिभेवरून परत जात होतं ते मी बोलून टाकलं.

“तारवाले, मी तुम्हाला खोटं सांगितलं होतं. मी फोन केला तेव्हा वहिनी गेलेल्या होत्या.”

तिकडे कुठलातरी पंप चालू होता, त्याची घरघर ऐकू येत होती. 

“मला माहीत होतं,” ते म्हणाले.

मला वाटलं शेजारणीने नंतर सांगितलं असेल. तसं मी विचारलं.

“नाही. तेव्हाच. बावीस वर्षांत तुम्ही मला ‘काम राहू द्या’ असं कधी म्हणाला नव्हता.”

म्हणजे पेटीकडे न फिरकता, दार तसंच सोडून ते फाटकाकडे गेले ते जाणूनच. मोबाइल परत मिळाला होता. दोन बस, सहा तास, खिडकीची जागा, खिशात फोन, आणि ज्याला सांगावं असं कुणी नाही. मी त्यांच्याच घरात बसून त्यांच्या फोनची वाट पाहत होते, आला तर काय बोलायचं याची तयारी करून. तो आला नव्हता. मी विचारलं, मग वाटेत एकदा तरी मला फोन का नाही केला?

“केला असता तर तुम्हाला परत खोटं बोलावं लागलं असतं, ताई.”

मग त्यांनी विचारलं, उद्या कुठे जायचंय. मी म्हटलं, उद्या माझ्या घरी या, आणि रिपोर्टाचं काही नाही.